जुना मिनी ट्रॅक्टर घ्यायचाय? आधी बागेतली ओळ मोजा

जुना मिनी ट्रॅक्टर बघायला निघालेल्या माणसाकडे तीन प्रश्न तयार असतात. साल कोणतं, तास किती झाले, आणि द्यायचे किती. चौथा प्रश्न त्याला ट्रॅक्टर घरी आणल्यावर सुचतो. हा आपल्या ओळीत शिरतो का? मग एका बाजूचा मडगार्ड काढून ठेवणं, मागची चाकं उलटी बसवणं, सायलेन्सर वाकवून घेणं असे उद्योग सुरू होतात. म्हणून ट्रॅक्टर बघायला जायच्या आदल्या दिवशी टेप घेऊन बागेत जा.

द्राक्षबागेत दोन ओळींमधलं अंतर कागदावर नऊ किंवा दहा फूट असतं. ट्रॅक्टरला त्यातलं निम्म्याहून अधिक मिळतं, सगळं कधीच मिळत नाही. खाली बोद पसरलेला असतो, त्याच्या कडेला ठिबकची लॅटरल असते, आणि वाय पद्धतीच्या मांडवात वरचे हात दोन्ही बाजूंनी ओळीत झुकलेले असतात. तेव्हा मोजमाप तीन उंचींवर घ्या: जमिनीलगत, मडगार्डच्या उंचीवर आणि चालवणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीवर. शक्य असेल तर काडी आणि घड भरलेले असताना मोजा. खरड छाटणीनंतर उघड्या पडलेल्या बागेत कुठलाही ट्रॅक्टर बसतो. सपाट मांडव असेल तर उंचीही बघायची. उभ्या सायलेन्सरचा धूर थेट पानांवर जातो, आणि चालवणाऱ्याला दिवसभर मान वाकवून बसावं लागतं. ओळ संपल्यावर वळायला बांधापर्यंत किती जागा उरते तेही पावलांनी मोजून ठेवा. ट्रॅक्टरच्या लांबीमागे फवारणीच्या ब्लोअरची लांबी धरायला विसरू नका.

डाळिंबाचं गणित निराळं. सांगोला किंवा सटाणा भागात चौदा बाय दहावर लावलेल्या बागेत जागा भरपूर दिसते, पण झाड झुडपासारखं पसरतं आणि फांद्या खालपासून ओळीत येतात. तिथे रुंदीपेक्षा काट्याचा त्रास जास्त. टायर आणि बाहेर लोंबणाऱ्या वायरी काटेच खातात. वरूड, मोर्शी, काटोलकडच्या संत्रा बागायतदारांना तर मी मिनी ट्रॅक्टरचा आग्रहच धरणार नाही. अठरा-वीस फुटांच्या ओळीत पस्तीस एचपीचा नेहमीचा जुना ट्रॅक्टर चालतो. तो मिनीच्याच पैशात मिळू शकतो, पेरणी-नांगरणीला कामाला येतो आणि त्याचे पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. झाडाच्या खालच्या फांद्या सांभाळल्या की झालं.

पुढचं सगळं द्राक्षबाग डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय. मिनी ट्रॅक्टरची खरी परीक्षा तिथेच होते.

दोन चाकं की चार

पैसे वाचवायचे म्हणून दोन चाकांवर चालणारा घ्यावा की थोडं ताणून फोर-व्हील घ्यावा, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. त्याचं उत्तर तुमच्या जमिनीत आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरचे पहिले पन्नास दिवस डोळ्यांसमोर आणा. परतीचा पाऊस किंवा अवकाळी येऊन गेलेला आहे, पानं ओली आहेत, डावणीचं भय आहे, आणि फवारणी आजच व्हायला हवी. उद्या करून उपयोग नाही. अशा वेळी काळ्या जमिनीत भरलेला ब्लोअर ओढत दोन चाकांचा छोटा ट्रॅक्टर शिरला की मागची चाकं जागेवर फिरतात, चिखलात चर पडतो आणि ट्रॅक्टर काढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो. दोन-तीन हजारांच्या औषधाचा प्रश्न नाही, अख्ख्या हंगामाचा आहे. काळ्या, चिकट रानात फोर-व्हीलच घ्या, भले तो चार-पाच वर्षं जास्त जुना असो.

मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी जमीन असेल तर मात्र फोर-व्हीलसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. पुढच्या एक्सलमधले गिअर, सील, जॉइंट हा सगळा जादा खर्चाचा भाग तुमच्या गळ्यात पडेल आणि त्याचा उपयोग वर्षातून चार दिवस होईल.

एचपीबद्दल थोडक्यात. ब्लोअरची टाकी सहाशे लिटरची असेल तर नुसतं पाणीच सहाशे किलो भरतं. त्यात लोखंड, पंप आणि पंखा धरला की हिशोब टनाकडे जातो, आणि मिनी ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन बऱ्याचदा टनाच्या आतच असतं. मागचा भार ओढणाऱ्यापेक्षा जड. सपाट रानात हे चालून जातं, उताराच्या बागेत उतरताना ब्लोअर ट्रॅक्टरला ढकलतो. म्हणून मागे लावायच्या छोट्या टाकीला पंधरा-अठरा एचपी पुरते, मोठ्या पंख्याच्या ओढायच्या ब्लोअरला मी चोवीसच्या खाली जाणार नाही. आधी ब्लोअर ठरवा, मग ट्रॅक्टर. उलटं करणारे लोक पुढच्या हंगामात दोन्ही विकायला काढतात.

बाजारात काय मिळतं

आपल्याकडे बागायतदारांच्या तोंडी बसलेलं जुनं नाव म्हणजे मित्सुबिशी शक्ती. बंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीचा हा साडेअठरा एचपीचा, तीन सिलिंडरचा, फोर-व्हील ट्रॅक्टर. जुन्या बाजारात तो भरपूर फिरतो, म्हणून त्याचा जाणता मेस्त्रीही सापडतो. महिंद्राचा युवराज २१५ आणि स्वराजचा ७१७ हे पंधरा एचपीचे, एका सिलिंडरचे आणि दोन चाकांवर चालणारे. डिझेलला हलके, दुरुस्तीला सोपे, पण एका सिलिंडरची थरथर त्यांच्या अंगात असते आणि ती वर्षानुवर्षं नट-बोल्टांवर काम करते. कुबोटाचे बी २४४१ आणि बी २७४१ हे फोर-व्हील, चालवायला मऊ, आणि त्यामुळेच जुन्यातही महाग. राजकोटचा कॅप्टन गुजरातलगतच्या जिल्ह्यांत दिसतो. फोर्सचा ऑर्चर्ड बागेसाठीच बनवलेला आणि मजबूत गडी होता, पण फोर्स कंपनीने २०२४ मध्ये ट्रॅक्टरचा धंदाच बंद केला. असा ट्रॅक्टर स्वस्तात मिळाला तर घ्यायला हरकत नाही, मात्र आधी आपल्या भागातल्या पार्टवाल्याकडे जाऊन क्लच प्लेट, ऑइल सील आणि वॉटर पंप हातात मिळतो का बघा. मिळेल म्हणणं वेगळं आणि फळीवरून काढून दाखवणं वेगळं.

मॉडेल कोणतं घ्यावं यावर मी यापेक्षा जास्त बोलणार नाही. तुमच्या घरापासून वीस किलोमीटरच्या आत ज्याचा मेस्त्री आणि ज्याचे पार्ट आहेत, ते मॉडेल चांगलं.

थंड इंजिन आणि बॅटरी

ट्रॅक्टर बघायला सकाळी लवकर जा आणि येतोय म्हणून सांगितलं असलं तरी सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनाच्या हेडवर तळहात ठेवणं. कोमट लागलं तर मालकाने सुरू करून ठेवलाय. असं करणारा प्रत्येक जण फसवणारा नसतो, पाहुणा येणार म्हणून कौतुकानेही करतात. पण तुम्हाला थंड ट्रॅक्टर सुरू होताना बघायचाय, तेव्हा चहा घ्या, गप्पा मारा आणि पुन्हा थंड होऊ द्या.

थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. पाणी गंजासारखं तांबूस असेल तर आयुष्यभर साधं बोअरचं पाणी टाकलंय, कूलंट कधी दिलेलं नाही. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा डिपस्टिकवरचं ऑइल ताकासारखं पांढुरकं झालं असेल, तर हेड गॅस्केटपासून लायनरपर्यंत काहीही गेलेलं असू शकतं. तिथेच नमस्कार करून निघावं.

आता बॅटरीचा टॉर्च घ्या आणि रेडिएटरच्या जाळीमागून प्रकाश टाका. पुढून बघणाऱ्याला जाळीच्या किती भागातून उजेड दिसतो? बागेतल्या ट्रॅक्टरची ही खास खोड आहे. ब्लोअरच्या तुषारात स्टिकर मिसळलेला असतो, त्यावर ओळीतली धूळ बसते, आणि जाळीच्या पापुद्र्यांमध्ये सिमेंटसारखा थर तयार होतो. बाहेरून रेडिएटर धुतलेला, चकचकीत दिसतो. उजेड अर्ध्याच भागातून आला तर हा ट्रॅक्टर उन्हाळ्यात आणि भाराखाली गरम होत आलेला आहे, आणि गरम होत आलेल्या इंजिनाचं हेड सरळ आहे याची खात्री कोणी देऊ नये. तापमानाचा काटा चालतोय का तेही बघून घ्या. बहुतेक जुन्या मिनी ट्रॅक्टरांत तो केव्हाच मेलेला असतो, आणि "तो काय बघायचा दादा, गरम होतच नाय कधी" हे उत्तर ठरलेलं असतं.

सुरू करताना सेल्फ किती वेळ मारावा लागतो, पहिला धूर कसा येतो याकडे लक्ष द्या. थंडीत पहिलं मिनिटभर पांढरा धूर आला तर घाबरायचं कारण नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत. भार दिल्यावर काळा धूर सोडून नंतर साफ होणारं इंजिन चालेल, सतत काळा सोडणाऱ्याचा एअर फिल्टर आणि नोझल बघावे लागतील.

इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण सैल करा. झाकणाखालून हलका श्वास जाणवणं ठीक. धुराचे भपके आणि हातावर ऑइलचे थेंब उडाले की इंजिनाचं काम जवळ आलंय. एका सिलिंडरच्या इंजिनात श्वासाची धडधड मुळातच जास्त असते, म्हणून तिथे धडधडीला न घाबरता धूर आणि थेंब बघा.

तास नाही, फवारणी

जुन्या ट्रॅक्टरचं तासाचं मीटर हा गमतीचा विषय आहे. एक तर ते बंद असतं. चालू असलं तरी जुन्या यांत्रिक मीटरात तास इंजिनाच्या फेऱ्यांवर मोजला जातो, त्यामुळे कमी रेसवर चाललेला ट्रॅक्टर कमी तास दाखवतो. आणि मीटर खरं असलं तरी ते काम कोणतं केलं हे सांगत नाही. ट्रॉली ओढलेले हजार तास आणि ब्लोअर फिरवलेले हजार तास यांत फार अंतर आहे. ब्लोअरला पीटीओ ठरलेल्या वेगाने फिरवावा लागतो, म्हणजे ओळीत ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने चालतो पण इंजिन पूर्ण रेसमध्ये असतं, मागून औषधाचं धुकं येत असतं आणि हवा खेळत नसते. वरच्या अंगाने ट्रॅक्टर नवा दिसतो आणि पीटीओकडचा भाग म्हातारा झालेला असतो.

म्हणून तास विचारण्याऐवजी ट्रॅक्टरच्या मागे जाऊन बसा. इंजिन बंद करून पीटीओचा शाफ्ट हातात धरा आणि वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. थोडा खेळ असणार, पण टकटक आवाज यायला नको. शाफ्टवरच्या दातांच्या धारा बोटाने चाचपा. कडा पातळ होऊन एका बाजूला कललेल्या असतील तर आवाज न करणारा पीटीओही पुढच्या वर्षी घसरणार. शाफ्टच्या मुळाशी ओलसर काळा चिखल असला तर सील गळतंय. हे सगळं बघताना शाफ्टवरचं संरक्षक कव्हर आहे का हेही बघा. नसेल तर पहिल्या दिवशी बसवून घ्या. फिरत्या शाफ्टमध्ये पंचाचं टोक किंवा सैल बाही अडकली की हात सोडवायला वेळ मिळत नाही.

तिथे बसल्या बसल्या सीटच्या मागचा पत्रा, मडगार्डची आतली बाजू आणि रिमच्या कडा निरखा. बोर्डो आणि ताम्रयुक्त औषधांचा निळसर-हिरवा डाग धुऊन जात नाही, गंधक पत्रा बारीक भोकं पडल्यासारखा खातं. नवा रंग दिलेल्या ट्रॅक्टरमध्ये हे डाग वरून झाकलेले असतात, मग वायरिंगकडे जा. सेल्फच्या वायरीचा लग, बॅटरीची टर्मिनलं, फ्यूजची जागा हिरवी पडली असेल तर अख्खं वायरिंग बदलायच्या तयारीने बोला. आणि एअर फिल्टर उघडायला लावा. ऑइलच्या वाटीतला गाळ पिठासारखा पांढरट आणि घट्ट असेल तर या इंजिनाने वर्षानुवर्षं धुळीबरोबर औषधाची भुकटीही ओढलेली आहे. नवा रंग हा माझ्या मते दोषच धरावा. ज्याचा मूळ रंग उडालाय आणि डाग दिसताहेत तो ट्रॅक्टर निदान खरं बोलतो.

लिफ्ट, पुढचा एक्सल, ब्रेक

हायड्रॉलिक तपासायला रिकामे हात उचलून दाखवतात, त्याला काही अर्थ नाही. रोटाव्हेटर लावून उचलायला सांगा आणि इंजिन बंद करा. पाच-दहा मिनिटांत किंचित खाली आला तर चालेल, भराभर टेकला तर आतली सीलं किंवा व्हॉल्व्ह गेलाय. उचलताना पंपाचा किंचाळल्यासारखा आवाज आला तर ऑइल कमी आहे, फिल्टर चोंदलाय किंवा पंपच थकलाय.

फोर-व्हीलमध्ये पुढच्या दोन चाकांमागचे सांधे चिखल खरवडून बघा. ओल्या बागेत फिरून सील झिजतं, ऑइल बाहेर येतं आणि त्याच वाटेने पाणी आत जातं. मालक तयार असेल तर एक्सलचा खालचा ड्रेन नट जरासा सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने आत शिरलं असेल तर तेच आधी गळेल. पुढची चाकं खरंच ओढतात का हे ओल्या रानात नेऊन, एकाला बाजूला उभं करून बघायचं. कोरड्या रस्त्यावर कळत नाही.

टायरच्या मापावर खास नजर ठेवा. फोर-व्हीलमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित पुढे ओढतील असं कारखान्याने जमवलेलं असतं. स्वस्त मिळाले म्हणून मागे भलत्याच मापाचे टायर टाकले की पुढच्या आणि मागच्या चाकांची आतल्या आत ओढाताण सुरू होते आणि तिची किंमत पुढचे गिअर मोजतात. टायरच्या बाजूवर छापलेलं माप उतरवून घ्या आणि मॉडेलच्या मूळ मापाशी ताडून बघा. पुढचे टायर मागच्यांच्या मानाने फारच गुळगुळीत झाले असतील तर फोर-व्हील लावूनच डांबरी रस्त्याने ये-जा केलेली आहे.

डावा आणि उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून वळवून बघा, कारण ओळीच्या टोकाला तुम्ही त्यावरच वळणार आहात. प्रत्येक गिअरमध्ये उतारावर सोडून बघा, कोणता गिअर आपोआप न्यूट्रलला येतो का. एका सिलिंडरच्या ट्रॅक्टरात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरचे बोल्ट, आणि तिथे कुठे वेल्डिंगची ताजी रेघ आहे का, हे बघितल्याशिवाय उठू नका.

शेवटची आणि खरी चाचणी म्हणजे ब्लोअर. मालकाचा नसेल तर आपला घेऊन जा, टाकी पाण्याने भरा, आणि चढाच्या बाजूने अर्धा तास चालवा. अर्ध्या तासात रेडिएटर, लिफ्ट, पीटीओ, क्लच सगळे आपापली कैफियत मांडतात. याला नाही म्हणणाऱ्या मालकाशी भाव करण्यात वेळ घालवू नका. चाचणी झाल्यावर ट्रॅक्टर जिथे उभा केला तिथली जमीन दहा मिनिटांनी बघा, काय काय ठिबकलंय ते दिसेल.

कागद

सौदा करण्याआधी आरसी बुक हातात घ्या आणि चेसिस नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. इंजिन बदललेलं असेल तर इंजिन नंबर जुळणार नाही आणि आरटीओत अडेल. वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे, नोंदणीची मुदत कधी संपते हे दिसतं. ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पंधराव्या वर्षाच्या आसपासचा ट्रॅक्टर घेत असाल तर पुनर्नोंदणीचा खर्च आणि तपासणीची दगदग किमतीतून वजा करा.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. फायनान्सचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मालकाकडून आधी घ्यायचे, पैसे नंतर. "हप्ते फिटलेत, एनओसी आणून देतो" या वाक्यावर संपूर्ण रक्कम देणारे लोक वर्षभर फेऱ्या मारतात. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला ट्रॅक्टर असेल, म्हणजे तुम्ही एमएच १५ चे आणि ट्रॅक्टर एमएच १० चा, तर फॉर्म २८ ची एनओसीही हवी. आणि खेड्यात सर्रास दिसणारी गोष्ट: आरसीवर नाव वारलेल्या वडिलांचं, विकायला उभा मुलगा. तिथे आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर ट्रॅक्टर यायला हवा. बाकीच्या भावा-बहिणींची संमती आहे का, हे मुलाला एकदा सरळ विचारा. अवघड वाटतं, पण विचारा.

अनुदानाच्या ट्रॅक्टरपासून लांब राहा. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांना नव्वद टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर मिळतात. ते गटाच्या मालकीचे असतात, विकायला किंवा गहाण टाकायला नसतात. कृषी विभागाच्या यांत्रिकीकरण योजनेतल्या ट्रॅक्टरलाही ठरावीक काळ विक्रीची मनाई असते. कमी किमतीत, नावावर न करता, नोटरीवर द्यायला कोणी तयार असेल तर कारण बहुधा हेच. नोटरीच्या कागदाने ट्रॅक्टर तुमचा होत नाही. अपघात झाला तर जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याची निघते आणि विमा कंपनी हात वर करते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो, तो बऱ्याच जणांच्या लक्षातच राहत नाही.

भाव

जुन्याचा भाव ठरवताना नव्याचा आजचा भाव माहीत हवा, दोन वर्षांपूर्वीचा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. कर सोडून चार लाखांच्या ट्रॅक्टरवर हा फरक अठ्ठावीस हजारांचा होतो. ट्रॅक्टरच्या टायरवरचा आणि बऱ्याच सुट्या भागांवरचा कर अठरावरून पाचवर आला. एजंट लोक मात्र जुन्याच किमतीच्या आठवणीवर भाव सांगतात. तालुक्याच्या डीलरकडून आजचं कोटेशन लिहून घ्या आणि ते खिशात ठेवून बोलणी करा.

मग मेस्त्रीला बरोबर नेऊन त्याच्याकडून दुरुस्तीचा अंदाज लिहून घ्या: टायर, क्लच, पुढच्या एक्सलची सीलं, रेडिएटर, वायरिंग. मागितलेल्या किमतीत हा आकडा मिळवा. बेरीज नव्या ट्रॅक्टरच्या साठ टक्क्यांच्या वर जात असेल तर मी नव्याचाच विचार करेन. मेस्त्रीला दिवसाची मजुरी आधीच द्या, सौदा होवो न होवो. सौद्यावर पैसे मिळणारा मेस्त्री सौदा मोडेल असं कधी बोलत नाही.

घ्यायची वेळही महत्त्वाची. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर सगळ्यांनाच ट्रॅक्टर हवा असतो. माल निघाल्यावर, एप्रिल छाटणीच्या सुमाराला, विकणारे जास्त आणि घेणारे कमी. त्यातही बाग काढणाऱ्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर मिळाला तर बघाच. त्याला विकायचं कारण ट्रॅक्टरमध्ये नसतं, बागेत असतं. बहुतेकदा तो ब्लोअरसकट देतो, आणि ज्या ब्लोअरवर तो ट्रॅक्टर चाललाय तोच तुम्हाला चाचणीला मिळतो. फायनान्स कंपन्यांच्या यार्डातले ओढून आणलेले ट्रॅक्टर स्वस्त दिसतात, पण हप्ते थकलेल्या माणसाने शेवटच्या वर्षात ऑइल बदललेलं नसतं, आणि यार्डात ब्लोअर लावून चाचणी घेऊ देत नाहीत.

ट्रॅक्टर घरी आला की पहिल्या फवारणीआधी इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढच्या एक्सलचं ऑइल बदलून टाका, जुनं कितीही स्वच्छ दिसो. डिझेल आणि हवेचे फिल्टर, पंख्याचा पट्टा, थर्मोस्टॅट नवे टाका. रेडिएटर सोडवून बाहेर काढा, आतून-बाहेरून साफ करून घ्या आणि कूलंट भरा. तापमानाचा काटा बसवून घ्या, त्याला फार पैसे पडत नाहीत. आणि दर फवारणीनंतर ब्लोअरची टाकी धुताना त्याच पाईपने ट्रॅक्टरचा मागचा भाग आणि रिमही धुवायला गड्याला सांगा. रेडिएटरच्या जाळीवर पाण्याचा जोर आतून बाहेर मारायचा, बाहेरून आत नाही, हे मात्र त्याला एकदा स्वतः करून दाखवा.